दांडा, डोके आणि हात
(गोल्फच्या काठीच्या पाचशे वर्षांचा एक आलेख)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडीनंतरची सगळी अक्षरे शिकलो, त्या शाळेने आपल्या दिवंगत हस्तव्यवसाय-शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालविलेल्या या व्याख्यानमालेत मला बोलावले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषय निवडण्याची मुभा मला होती. आयुष्यभर मी मराठी वाङ्मय शिकविले, तेव्हा एखाद्या संतकवीवर किंवा बखरीवर मी बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. पण ज्यांच्या नावे आपण जमलो आहोत ते गुरुजी पुस्तकांपेक्षा हत्यारांत अधिक रमत. म्हणून आज मी एका हत्याराचा इतिहास सांगणार आहे. ते हत्यार म्हणजे गोल्फची काठी.

मी गोल्फ कधी खेळलो नाही. आपल्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे. पण माझ्या पिढीतील मध्यमवर्गीय मुलाचा त्याच्याशी संबंध कुंपणाबाहेरून पाहण्यापुरताच. मग हा विषय का, याचे उत्तर देण्यासाठी एक जुनी आठवण सांगावी लागेल.

मी डावखुरा. प्राथमिक शाळेत, अर्थात ती शाळा दुसरी, माझा डावा हात पाठीमागे बांधून मला उजव्या हाताने लिहावयास शिकविण्यात आले. ते अक्षर आजही माझेच आहे असे मला वाटत नाही. पुढे या शाळेत आलो. बागकामाच्या तासाला विळ्याने गवत कापताना माझा विळा नेहमी घसरे आणि मुले हसत. गुरुजींनी एक दिवस विळा हातात घेऊन त्याची धार पाहिली. म्हणाले, “नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण म्हणतो खरे, पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते.” विळ्याची धार एकाच अंगाने काढलेली असते, आणि ती उजव्या हाताच्या सोयीची असते, हे मला त्या दिवशी कळले. पुढच्या आठवड्यात त्यांनी लोहाराकडून दुसऱ्या अंगाने धार काढलेला एक विळा करून आणला. तो वर्षभर माझा होता. दोष हाताचा की हत्याराचा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने परदेशातून लाकडी डोक्याची एक जुनी गोल्फची काठी मला भेट म्हणून पाठविली. तिच्याविषयी वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की हाच प्रश्न पाच शतके या काठीच्या इतिहासातून वाहत आला आहे.

प्रथम काठीचे अवयव पाहू. वरची मूठ, मधला दांडा आणि खालचे डोके. डोक्याचे चेंडूला भिडणारे अंग म्हणजे मुख आणि जमिनीला टेकणारे अंग म्हणजे तळ. आपल्या कुऱ्हाडीची किंवा कुदळीची रचना याहून फारशी वेगळी नाही. साधेपणा एवढाच आहे. पण या तीन अवयवांच्या प्रमाणात जरा फेर पडला की चेंडू शंभर पावले इकडचा तिकडे होतो.

हा खेळ स्कॉटलंडचा. त्याचा पहिला लेखी उल्लेख मिळतो तो बंदीचा! १४५७ साली दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकिर्दीत तेथील संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांना मनाई केली, कारण लोक त्यांच्या नादाने धनुर्विद्येचा सराव सोडू लागले होते. पण काळाचा विनोद असा, की १५०२ साली चौथ्या जेम्स राजाच्या खजिन्यातून पर्थ येथील एका कारागिराला गोल्फच्या काठ्यांचे पैसे दिल्याची नोंद आहे आणि तो कारागीर धनुष्ये करणारा आहे. १६०३ साली सहाव्या जेम्सने एडिंबरोच्या विल्यम मेन याला आपला आजन्म धनुष्यकार, काठीकार व भालेकार म्हणून नेमले. धनुष्य करणाऱ्याला कोणते लाकूड किती वाकते, कोठे तुटते आणि वाकून पुन्हा सरळ कसे होते याचे ज्ञान असते. युद्धाचे ते ज्ञान बंदुका आल्यावर खेळाच्या कामी आले. शस्त्र जुने झाले, तरी ते घडविणारा हात जुना होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सेंट अँड्रूज या गावी ह्यू फिल्प नावाचा एक कारागीर होऊन गेला. १८१९ साली तेथील गोल्फमंडळाने त्याला आपला अधिकृत काठीकार नेमले. त्या काळी डोके सफरचंद, नासपती, बीच अशा झाडांच्या लाकडाचे असे. दांडा अ‍ॅश किंवा हेझलचा. डोक्याची मान लांब व निमुळती तासून ती दांड्याच्या तिरप्या कापाला जोडीत, सरसाने चिकटवीत आणि वरून डांबर लावलेला दोरा गुंडाळीत. डोक्याच्या मागे खोबण करून तीत शिसे ओतीत, म्हणजे वजन येई. तळाच्या पुढच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवीत, म्हणजे लाकूड झिजत नसे. फिल्पच्या डौलदार काठ्या आज संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे जपल्या जातात.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयाची. या व्यवस्थेत गिऱ्हाईक आणि कारागीर एकमेकांना ओळखत. गिऱ्हाईक दुकानात येई, काठी हातात धरून हलवून पाही, जड वाटली तर कारागीर ती तासून देई. बेतशीर काठी करून घेणे हा वेगळा उद्योग नव्हता. तो कारागिरीचाच भाग होता. आपल्याकडे गावच्या सुताराने शेतकऱ्याच्या हाताकडे पाहून औताची मूठ तासावी, तसेच हे. अर्थात ही सोय ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनाच मिळे, हेही विसरता कामा नये.

काठी बदलली ती प्रथम चेंडूमुळे. जुना चेंडू चामड्याचा. त्यात टोपीभर पिसे ठासून भरीत. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी तीन-चारच चेंडू होत. पाणी लागले की ते जड होत, लोखंडी काठी लागली की फाटत. सेंट अँड्रूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन हा या चेंडूंचा नामांकित निर्माता आणि त्या काळचा अग्रगण्य खेळाडू. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलाया द्वीपकल्पातील एका झाडाचा चीक. ऊन पाण्यात मऊ होणारा आणि थंड झाल्यावर कठीण होणारा. दंतवैद्य आजही दाताच्या मुळाची पोकळी भरण्यासाठी तो वापरतात. हा चेंडू सुचला कसा याची एक आख्यायिका आपल्याला गमतीची वाटेल. पूर्वेकडून सेंट अँड्रूजच्या एका घरी विष्णूची मूर्ती आली. ती वाटेत फुटू नये म्हणून गटापर्चाच्या तुकड्यांत बांधली होती. त्या तुकड्यांतून घरातील तरुण मुलाने चेंडू वळला, अशी ती कथा. कथा कशीही असो, गटापर्चाची ओळख युरोपला पूर्वेकडील व्यापारातून झाली, आणि त्याच व्यापाराच्या वाटेने गोल्फ आपल्याकडे आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून कलकत्त्याच्या क्लबाचीच गणना होते.

नव्या चेंडूने रॉबर्टसनच्या धंद्यावर संकट आले. त्याचा साहाय्यक टॉम मॉरिस याने एकदा हा चेंडू वापरला, तेव्हा दोघांत बेबनाव झाला व मॉरिस वेगळा झाला. १८५१ साली तो प्रेस्टविक येथे गेला. पुढे रॉबर्टसनलाही गटापर्चाचेच चेंडू करावे लागले. नवे तंत्र येते तेव्हा पहिली भेग माणसांच्या नात्यात पडते, याचे हे लहानसे उदाहरण. हातमाग आणि गिरणी यांच्या इतिहासात आपण ते मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे.

गटापर्चाचा चेंडू कठीण होता. त्याच्या आघाताने फिल्पच्या पद्धतीची नाजूक, लांबट डोकी तडकू लागली. म्हणून डोके आखूड व जाड झाले; मुखावर चामड्याचा तुकडा बसविण्यात येऊ लागला. उलट, हा चेंडू लोखंडाने फाटत नसे; त्यामुळे लोखंडी डोक्याच्या काठ्यांचा वापर वाढला आणि सुताराच्या शेजारी लोहार येऊन बसला. सेंट अँड्रूजच्या टॉम स्ट्युअर्टसारखे लोहार लोखंडी डोकी घडवून त्यांवर आपली निशाणी उठवीत. खेळाडूंना आणखी एक शोध लागला. गुळगुळीत नव्या चेंडूपेक्षा मार खाऊन ओरखडलेला चेंडू अधिक सरळ जातो. मग चेंडूवर मुद्दाम हातोडीने खुणा उठवू लागले. आजच्या चेंडूवरील खळग्यांचा उगम हाच. पुढे १८९९ साली अमेरिकेत कोबर्न हॅस्केल याने गाभ्याभोवती रबरी धागा ताणून गुंडाळलेल्या चेंडूचे पेटंट घेतले, आणि १९०२ साली सँडी हर्डने त्या चेंडूने ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. गटापर्चाचे राज्य अर्धशतकात संपले.

दरम्यान दांड्यासाठी अमेरिकेतून हिकरीचे लाकूड येऊ लागले होते. फिल्पचा वारस रॉबर्ट फोर्गन याने त्याचे गुण फार लवकर ओळखले. हिकरी चिवट, वाकते पण मोडत नाही. कुऱ्हाडीचे दांडेही तिचेच करीत. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही आपली म्हण तिला अक्षरशः लागू पडते. हिकरीच्याच दांड्यांच्या कुऱ्हाडींनी हिकरीची राने तुटली आणि चांगले लाकूड दुर्मिळ होत गेले.

डोक्यासाठी जे लाकूड पुढे श्रेष्ठ ठरले ते पर्सिमन. हे झाडही अमेरिकेचे. पण श्रोतेहो, त्याचे गोत्र आपल्या ओळखीचे आहे. ज्या वंशात आबनूस आणि आपली टेंभुर्णी येते, त्याच वंशातले हे झाड. आपल्याकडे त्या कुळाच्या पानांत तंबाखू वळून विडी झाली. तिकडे त्याच कुळाच्या लाकडातून श्रीमंतांच्या खेळाचे साधन झाले. वनस्पतींची कुळे माणसांच्या वर्गभेदांना जुमानीत नाहीत.

धातूही हळूहळू पुढे सरकत होता. इंग्लंडमधील सुंदरलँडचे विल्यम मिल्स यांनी अ‍ॅल्युमिनियमची ओतीव डोकी केली. हेच मिल्स पुढे १९१५ साली पहिल्या महायुद्धात ‘मिल्स बाँब’ या हातगोळ्याचे जनक म्हणून प्रसिद्ध झाले. धनुष्यकाराने काठी केली, आणि काठीकाराने बाँब केला. एक वर्तुळ पुरे झाले. अमेरिकेत स्केनेक्टडी येथील विजेच्या कारखान्यातील अभियंता आर्थर नाइट याने दांडा टोकाशी न जोडता मध्याजवळ जोडलेली एक काठी केली. १९०४ साली वॉल्टर ट्रॅव्हिस या अमेरिकनाने ती घेऊन ब्रिटिश अ‍ॅमॅच्युअर स्पर्धा जिंकली. १९१० साली ब्रिटनमधील नियामकांनी अशा काठ्यांवर बंदी घातली आणि ती चार दशके टिकली. बंदी हत्याराच्या दोषामुळे आली की परक्याच्या विजयामुळे, हे ज्याने त्याने ठरवावे.

याच नाइटने १९१० साली पोकळ पोलादी दांड्याचे पेटंट घेतले. अमेरिकेने पोलादी दांडा १९२४ साली मान्य केला, ब्रिटनमधील नियामकांनी १९२९ साली. १९३१ साली बिली बर्क याने पोलादी दांड्यांच्या काठ्यांनी अमेरिकन ओपन जिंकली आणि हिकरीचे दिवस भरले. हा बदल केवळ पदार्थाचा नव्हता. हिकरीचा प्रत्येक दांडा स्वतंत्र स्वभावाचा असे. तो आघाताच्या वेळी पिळवटे, कोणता किती हे हातालाच माहीत होई. खेळाडू दहा दांड्यांतून एक निवडी, आणि वर्षानुवर्षे त्या दांड्याशी आपले शरीर जुळवून घेई. पोलादाचा दांडा मात्र जसा पहिला तसा हजारावा. आता एकसारख्या काठ्यांचा संच कारखान्यात निघू लागला. ‘ब्रॅसी’, ‘मॅशी’, ‘निब्लिक’ ही जुनी स्कॉटिश नावे जाऊन काठ्यांना क्रमांक आले. नावे गेली आणि आकडे आले, की कारागिरी जाऊन उद्योग आला असे समजावे. काठ्यांची संख्या इतकी फुगली, की १९३८ साली अमेरिकेने आणि १९३९ साली ब्रिटनने एका खेळाडूस चौदाच काठ्या बाळगण्याची मर्यादा घातली. ती आजही आहे.

यंत्रयुगापूर्वीच्या हाताची शहाणीव किती सूक्ष्म होती याची एक गोष्ट सांगतात. बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूने १९३० साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्या काठ्यांनी. त्या त्याने केवळ हाताच्या जाणिवेने एकेक करून जमविल्या होत्या. पुढे त्यांची यंत्रावर मोजणी झाली तेव्हा एक काठी सोडून बाकी सगळ्या एकमेकींशी तंतोतंत जुळल्या; आणि ती एक काठी कोणती, तर जिच्याशी त्याचे कधीच नीट जमले नव्हते ती! हाताला जे कळत होते ते आकड्यांत सांगण्याचा प्रयत्न १९२० च्या दशकात रॉबर्ट अ‍ॅडम्स याने केला. मुठीच्या टोकापासून चौदा इंचांवर काठी तराजूवर तोलायची आणि डोक्याकडील भार किती झुकतो ते मोजायचे, ही त्याची युक्ती. थोड्याफार बदलाने हे माप कारखान्यांत आजही वापरात आहे.

खेळाडूने स्वतः घडविलेल्या हत्याराचेही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. वाळूच्या खड्ड्यात पडलेला चेंडू बाहेर काढताना काठीची धार वाळूत रुते. जीन सॅराझेनने विमानाच्या शेपटीची झडप पाहून काठीच्या तळाला डाग देऊन धातू वाढविला, म्हणजे तळाचा फुगीर भाग आधी वाळूला टेकून घसरावा आणि धार रुतू नये. १९३२ ची ब्रिटिश ओपन त्याने या काठीसह जिंकली. आज प्रत्येक संचात तशी काठी असते.

यानंतरचा मोठा पुरुष म्हणजे कार्स्टन सोल्हाइम. जन्म नॉर्वेतील बर्गेन येथे १९११ साली. बालपण अमेरिकेत, वडिलांच्या चांभारकामाच्या दुकानात. पुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अभियंता. चाळिशी उलटल्यावर त्याने गोल्फ खेळावयास घेतला आणि सगळ्या नवशिक्यांप्रमाणे त्याचे नेम चुकू लागले. पण त्याने दोष हाताला न देता काठीला दिला. आपल्याकडे डोंबाऱ्याची मुलगी दोरावरून चालताना हातात लांब आडवी काठी धरते. काठीचे वजन शरीरापासून दूर दोन्ही टोकांना असल्यामुळे तोल एकदम ढळत नाही. सोल्हाइमने हेच तत्त्व वापरले. डोक्याचे वजन मध्यावरून काढून दोन्ही टोकांना नेले, म्हणजे चेंडू मध्यावर न लागता किंचित बाजूला लागला तरी डोके कमी वळते. १९५९ साली त्याने घरच्या गॅरेजमध्ये केलेल्या काठीतून चेंडूला भिडताना ‘पिंग’ असा नाद निघे. तेच त्याच्या कंपनीचे नाव झाले. १९६६ मधील त्याच्या ‘अ‍ॅन्सर’ काठीचा आराखडा त्याने घाईघाईत ग्रामोफोन तबकडीच्या पाकिटावर काढला होता. तिची नक्कल आजही जगभर होते.

सोल्हाइमने लोखंडी काठ्यांसाठी ओतकामाची जी पद्धत रूढ केली, तिच्याजवळ मला क्षणभर थांबावेसे वाटते. प्रथम मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीसारख्या उष्णतासह पदार्थाचे थर द्यायचे, तापवून मेण वितळून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. ही पद्धत आपल्याला नवी नाही. आपल्या जुन्या ग्रंथांत तिला मधूच्छिष्टविधान म्हटले आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मूर्ती ओतण्याची ही कृती आली आहे. ज्या ग्रंथातील मराठी पंक्तींसाठी आम्ही भाषेचे अभ्यासक तो उघडतो, त्यातच घोड्यावरून चेंडू खेळण्याचेही वर्णन आहे. चोळांचे नटराज आणि बस्तरच्या ढोकरा मूर्ती याच कुळातल्या. मात्र यावरून ‘आमच्याकडे सगळे होतेच’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. पद्धत आपल्याकडे होती. ती कारखान्यात नेऊन हजारो सारख्या वस्तू काढण्याचे काम इतरांनी केले. १८९० साली सयाजीराव महाराजांनी याच बडोद्यात कलाभवन स्थापिले आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनज्ञाकडे ते सोपविले, ते नेमकी ही दरी भरून काढण्यासाठी. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो ते गुरुजी त्याच कलाभवनाचे विद्यार्थी होते.

लाकडी डोक्याचा शेवट गॅरी अ‍ॅडम्स याने केला. १९७९ साली घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर त्याने टेलरमेड कंपनी सुरू केली आणि पोलादाचे पोकळ डोके बाजारात आणले. लोकांनी त्याला थट्टेने पोलादनगरीच्या नावावरून ‘पिट्सबर्गचे पर्सिमन’ म्हटले. १९८१ साली रॉन स्ट्रेकने अशा काठीने अमेरिकन व्यावसायिक स्पर्धा जिंकली, आणि थट्टा थांबली. १९९३ ची मास्टर्स स्पर्धा बर्नहार्ड लँगरने पर्सिमनच्या काठीने जिंकली. मोठ्या स्पर्धांतील त्या लाकडाचा तो अखेरचा विजय. दांड्यांतही १९७० च्या सुमारास कार्बनतंतूंचा, म्हणजे ज्याला ग्राफाइट म्हणतात तो, हलका दांडा आला होता.

यानंतर वाढत गेला तो डोक्याचा आकार. जुन्या पर्सिमनचे डोके साधारण दीडशे घन सेंटीमीटरचे. इली कॅलवे याने १९९१ साली ‘बिग बर्था’ आणले ते १९० चे. नाव महायुद्धातील एका जर्मन तोफेचे. १९९५ साली टायटॅनियमचे डोके आणले ते २५० चे. पोलादाच्या एका घन सेंटीमीटरचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, टायटॅनियमचे ४.५ ग्रॅम. म्हणून सुमारे दोनशे ग्रॅमच्या त्याच वजनात डोके मोठे करता येते आणि मुख पातळ ठेवता येते. चेंडू काठीला भिडतो तो काळ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका. तेवढ्यात पातळ मुख आत दबून परत उसळते आणि चेंडूला अधिक वेग देते. तेव्हा नियामकांना जाग आली. १९९८ साली अमेरिकन नियामकांनी उसळीच्या गुणांकाला ०.८३० ची मर्यादा घातली. २००४ साली आकाराला ४६० घन सेंटीमीटरची. मुखावरील चरांच्या मापावरून सोल्हाइमचा नियामकांशी आणि व्यावसायिक संघटनेशी न्यायालयीन वाद झाला होता. तो १९९० व १९९३ मध्ये तडजोडीने मिटला. २०१० पासून वरच्या पातळीवरील स्पर्धांत चरांवर नवे निर्बंध आले. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही नियामक संस्थांनी चेंडूची चाचणी अधिक कडक करण्याचे जाहीर केले. १४५७ च्या बंदीपासून ही परंपरा अखंड चालू आहे. हत्यार पुढे धावते आणि नियम मागून धापा टाकीत येतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कारखान्यातून निघालेली काठी कोणासाठी असते? ‘सरासरी’ माणसासाठी. पण सरासरी उंचीचा, सरासरी हाताचा, सरासरी ताकदीचा माणूस कागदावरच राहतो. बुटक्या माणसाच्या हातात सरासरी काठी दिली, की डोक्याची टाच जमिनीला टेकते, पुढचे टोक वर उचलले जाते आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो. तो बिचारा वर्षानुवर्षे आपले मनगट सुधारीत बसतो. सोल्हाइमनेच १९७० च्या दशकात यावर उपाय रूढ केला. माणसाची उंची आणि उभे राहिल्यावर मनगटापासून जमिनीचे अंतर मोजायचे, त्यावरून डोक्याचा दांड्याशी कोन ठरवायचा, आणि त्या कोनाची खूण म्हणून काठीवर रंगीत ठिपका द्यायचा. फिल्पच्या दुकानात जे नजरेने होत असे, ते आता कोष्टकाने होऊ लागले. २००३ साली स्थापन झालेल्या ट्रॅकमन या डॅनिश कंपनीने रडारच्या साहाय्याने चेंडूचा वेग, फिरकी आणि उड्डाणकोन मोजणे प्रचारात आणले. यंत्रयुगाने जो माणूस पुसून टाकला होता, तो यंत्राच्याच मदतीने परत आला, असे म्हणता येईल. २०२० ची अमेरिकन ओपन जिंकणाऱ्या ब्रायसन डिशँबोच्या सगळ्या लोखंडी काठ्या एकाच लांबीच्या होत्या. शंभर वर्षांच्या रूढीविरुद्ध त्याने आपल्या शरीराला मानवेल तेच केले.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे. दक्षिण आफ्रिकेत डरबानजवळ भारतीय वंशाचा एक गरीब मुलगा होता, सेवसंकर ‘पापवा’ सेवगोलम. इतरांच्या काठ्या वाहता वाहता तो खेळ शिकला. त्याची पकड जगावेगळी होती. उजव्या हाताने खेळणारे डावा हात वर व उजवा खाली धरतात; हा नेमका उलट धरी. त्याच्यासाठी कोणी काठी मापून केली नव्हती. त्याने त्या पकडीनिशी १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा डच ओपन जिंकली. १९६३ साली नाताळ ओपन जिंकल्यावर, तो गोरा नसल्यामुळे क्लबाच्या इमारतीत त्याला प्रवेश नव्हता. पारितोषिक त्याला बाहेर, पावसात देण्यात आले. पुढे वर्णभेदी सरकारने त्याचे खेळणेच बंद केले. काठी हाताला जुळविण्याचे शास्त्र कितीही पुढे जावो, ज्या इमारतीचे दार माणसाला बंद आहे तिथे ते शास्त्र थिटे पडते. सेवगोलमच्या बाबतीत हातही वाकडा नव्हता, काठीही वाकडी नव्हती. अंगणच वाकडे होते.

डावखुऱ्यांची कथा त्याहून सौम्य, पण त्याच जातीची. डाव्या हाताच्या काठ्या दुकानात क्वचित मिळत, म्हणून कित्येक डावखुरे उजव्या हाताने खेळावयास शिकले. डाव्या बाजूने खेळून पहिली प्रमुख स्पर्धा जिंकली ती न्यूझीलंडच्या बॉब चार्ल्सने, १९६३ साली. म्हणजे १८६० साली सुरू झालेल्या ब्रिटिश ओपनला शंभर वर्षे उलटून गेल्यावर. आणि गंमत अशी, की चार्ल्स इतर कामांत उजवाच होता!

या पाच शतकांतून मला जे दिसते ते असे. काठी सुधारली ती तीन प्रकारच्या माणसांमुळे. पहिला, ज्याला पदार्थाचा स्वभाव कळतो, असा फिल्पसारखा कारागीर. दुसरा, जो एकसारख्या वस्तू स्वस्तात काढून पुष्कळांच्या हाती देतो, असा उद्योजक. आणि तिसरा, जो समोरच्या माणसाच्या हाताकडे पाहतो. पहिले दोन नसतील तर वस्तू निपजणार नाही. पण तिसरा नसेल तर ती वस्तू पुष्कळांच्या हातात पडूनही त्यांची होणार नाही. आम्ही शिक्षक बहुधा दुसऱ्या वर्गातले. एकच पुस्तक, एकच बाक, एकच प्रश्नपत्रिका. त्यावाचून शाळा चालत नाही, हे मी चाळीस वर्षे शिकवून जाणतो. पण ज्या विद्यार्थ्याचा नेम चुकला, त्याच्या मनगटाला दोष देण्यापूर्वी त्याच्या हातातली काठी एकदा उलटून पाहण्याचे काम मी पुरेसे केले नाही, ही कबुली मला या व्यासपीठावर द्यावीशी वाटते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपाशी एक छोटे मागणे मांडून मी थांबतो. आपण शाळेला संगणक देता, पंखे देता, द्यावेतच. यंदा कोणीतरी एक दिवस काढून शाळेच्या कार्यशाळेत आणि वर्गांत फिरावे. कात्र्या, करवती, बाकांना जोडलेल्या लिहिण्याच्या फळ्या, बुटक्या मुलांच्या पायांना जमीन लागते की नाही, हे सगळे पाहावे. किती मुले डावखुरी आहेत ते विचारावे. आणि एकाही मुलाला दुसऱ्या अंगाची धार हवी असेल, तर ती करून द्यावी. खर्च फारसा नाही. गुरुजींना त्या विळ्यासाठी किती पैसे पडले ते त्यांनी मला कधी सांगितले नाही; पण ते त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले होते, हे मला लोहाराकडून पुढे कळले.